पाळीव बदकाच्या दुखावलेल्या पायाची शुश्रूषा

तळ्याकाठच्या व ओढ्याकाठच्या गावांतून कित्येक घरी कोंबड्यांबरोबर दोन-चार बदकेही पाळलेली असतात. घरातील वडील माणसे त्यांच्याकडे अंड्यांच्या दृष्टीने पाहतात. मुलांना मात्र ती सवंगड्यांसारखी वाटतात. अशा घरचे एखादे बदक लंगडू लागले म्हणजे मूल कासावीस होते आणि शाळेत येऊन विचारते, "गुरुजी, त्याचा पाय बरा होईल का? काय करू?" या प्रश्नाचे निश्चित उत्तर शिक्षकांपाशी असावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. लंगडे बदक कळपाच्या मागे पडते, दाण्यापाशी उशिरा पोहोचते, आणि सायंकाळी कुत्र्याच्या वा मुंगसाच्या तावडीत प्रथम तेच सापडते. पुष्कळ घरांत तर "आता याचा उपयोग नाही" असे म्हणून त्याची रवानगी चुलीकडे होते. म्हणजे मुलाच्या हाती फार तर दोन-तीन दिवस असतात. त्या दिवसांत कळवळ्याच्या भरात मूल जे करते, त्यानेच पुष्कळदा अपाय होतो. कोणी पायाला चिंधी आवळून बांधते, कोणी तेल-हळद चोपडते, तर कोणी "पोहले की बरे होईल" म्हणून जखमी पक्ष्याला तळ्यात सोडते. दयेला ज्ञानाची आणि क्रमाची जोड कशी द्यावी, हे मुलांस शिकविण्याची अशी संधी पाठ्यपुस्तकातून सहसा मिळत नाही.

पायाची रचना

आपल्याकडील बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकाची वंशज होत. फक्त मस्कोव्ही ही जात निराळ्या कुळातील आहे. बदकाचे शरीर मुख्यतः पाण्यावर तरंगण्यासाठी घडलेले आहे. त्याचे पाय धडाच्या मागील बाजूस असतात. वल्हे मारण्यास ती जागा सोयीची, पण जमिनीवर तोल सांभाळण्यास अवघड. म्हणूनच बदक डुलत डुलत चालते. जे सांधे पाहून मुले "बदकाचा गुडघा मागे वळतो" असे म्हणतात, ते वस्तुतः घोटे होत. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. पक्षी आपल्यासारखा पूर्ण पाऊल टेकून चालत नाही, तो बोटांवर चालतो. पुढील तीन बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात आणि मागचे एक बोट लहान व मोकळे असते.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, बदकाच्या पायाची हाडे बारीक असतात व धडाचा सारा भार त्या दोन पायांवर पडतो. त्यामुळे पाय धरून उचलणे किंवा उलटे लटकावणे हे अस्थिभंगाला आमंत्रण होय. दुसरी ही की, एक पाय दुखावला म्हणजे दुसऱ्यावर दुप्पट भार येतो आणि काही दिवसांनी तो धड पायही तळव्याशी सुजू लागतो. म्हणून शुश्रूषा करताना नेहमी दोन्ही पाय तपासावेत.

दुखापतीची कारणे

लंगडण्याची कारणे अनेक आहेत आणि उपाय कारणानुसार बदलतो. उंचावरून उडी मारल्याने किंवा दाराच्या फटीत पाय अडकल्याने सांधा मुरगळतो, निखळतो किंवा हाड मोडते. बाजारातून आणताना पाय बांधून उलटे नेलेल्या पक्ष्यांत अशी इजा वारंवार आढळते. प्राण्यास विनाकारण यातना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे, ही गोष्ट वरच्या वर्गांतील मुलांस अवश्य सांगावी.

मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा किंवा पतंगाचा मांजा पायात गुंतला, तर तो हळूहळू कातडीत रुततो व रक्तप्रवाह अडवितो. असा दोरा डोळ्यांना चटकन दिसत नाही. बोटे एकेक करून पाहिली तरच सापडतो.

तिसरे कारण तळव्यावरील गळूचे. खडबडीत काँक्रीट, तारेची जाळी, टोकदार खडी किंवा सतत ओली व घाण जमीन यांमुळे तळव्याच्या कातडीला बारीक चीर पडते. तीतून जंतू आत शिरतात, तळवा सुजतो आणि मध्यभागी काळसर खपली धरते. ही सूज आरंभी वाटाण्याएवढी असते. दुर्लक्ष झाल्यास रोग हाडापर्यंत पोहोचतो.

चौथे कारण आहाराचे असून ते पिलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. नियासिन या जीवनसत्त्वाची गरज बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा पुष्कळ अधिक असते. बदकाच्या पिलाच्या १ किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नियासिन असावे लागते. कोंबडीच्या पिलास सुमारे ३५ मिलिग्रॅम पुरते. म्हणून कोंबडीचे खाद्य किंवा नुसती तांदळाची कणी यांवर वाढविलेल्या पिलांचे पाय वाकडे होतात, घोटे जाड होतात आणि ती बसून राहतात. अशा पिलाला मार लागलेला नसतो, म्हणून पट्टी बांधून त्याचा काहीच उपयोग होत नाही.

अंडी देणारी मादी एकाएकी पाय ओढू लागली, शेपटी हलवून कुंथू लागली, तर अंडे आत अडकल्याचा संशय घ्यावा. त्या स्थितीत दुखणे पायाचे नसते आणि वेळ दवडणे जिवावर बेतते.

प्रथम पाहावे, मग धरावे

बदक हा शत्रूंच्या भयात वाढलेला पक्षी असल्याने शक्य तोवर आपले दुखणे लपवितो. त्याला पकडण्यास आपण धावलो की तो लंगडणेही विसरून पळतो. म्हणून आरंभी दहा मिनिटे दूर उभे राहून निरीक्षण करावे. पाय टेकतो की उचलून धरतो? पंख लोंबतात काय? खातो काय? विष्ठा कशी आहे? ही चार उत्तरे मुलाने वहीत लिहावीत.

त्यानंतर बदकाला भिंतीच्या कोपऱ्याकडे सावकाश वळवून दोन्ही हातांनी पंखांवरून धरावे, पंख अंगाशी मिटलेले राहतील असे पाहावे आणि पोटाखालून आधार देऊन उचलावे. मान, पंख वा पाय धरून कधीही उचलू नये. छाती आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हालले तरच त्याचा श्वास चालतो, आणि घट्ट कवटाळलेला पक्षी गुदमरू शकतो. डोक्यावर हलके सुती फडके टाकले म्हणजे तो शांत राहतो. एकाने धरावे व दुसऱ्याने पाहावे. धरण्याचे काम मोठ्या माणसाकडे असावे.

तपासताना धड पायाशी तुलना करावी. कोणता भाग अधिक गरम आहे, कोठे सूज आहे, तळव्याला खपली आहे काय, पाय अस्वाभाविक कोनात वळला आहे काय, बोटे गार पडली आहेत काय, हे क्रमाने पाहावे. ओढून, वाकवून, "कट्ट" असा आवाज येतो का हे पाहण्याचा मोह टाळावा.

प्रथमोपचार

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे सौम्य पण सतत दाब द्यावा. मधूनमधून उचलून पाहू नये. जखम धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून थंड करावे व त्यात एक लहान चमचा मीठ विरघळवावे. या पाण्याने माती व घाण धुऊन काढावी. अडकलेला दोरा वरवर असेल तर बोथट टोकाच्या कात्रीने कापावा. कातडीत रुतला असेल तर ओढू नये, ते काम पशुवैद्याचे आहे.

तेल, तूप, रॉकेल, चुना, राख यांपैकी काहीही लावू नये. बदक चोचीने अंग साफ करते, त्यामुळे लावलेला पदार्थ पोटात जातो. शिवाय तेल पिसांवर पसरले की पिसांची बारीक वीण चिकटते, पाणी आत शिरते आणि पक्षी गारठतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. डायक्लोफेनॅक या औषधाने उपचार केलेल्या गुरांचे शव खाऊन देशातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली, आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. आपल्याला गुणकारी ठरणारी गोळी पक्ष्याला विष ठरू शकते, याचे याहून मोठे उदाहरण सांगावयास नको.

हाड मोडल्याचा संशय असल्यास घरी कामटी बांधू नये. अयोग्य रीतीने बांधलेली कामटी मोडलेली टोके अधिक सरकविते आणि आवळलेली पट्टी रक्तप्रवाह बंद करते. पिलाच्या बाबतीत तर पाय इतक्या झपाट्याने वाढतो की आज सैल असलेली पट्टी चार दिवसांत फास बनते. पक्ष्याला पेंढा घातलेल्या टोपलीत बसवून, हालचाल कमी होईल असे करून दवाखान्यात न्यावे, हाच त्यावरील प्रथमोपचार होय. योग्य आधार मिळाल्यास पक्ष्याचे हाड साधारणतः तीन-चार आठवड्यांत सांधते.

विश्रांती व निवारा

साध्या मुरगळीस सर्वांत गुणकारी औषध विश्रांती हेच आहे. बदकाला वळता येईल पण धावता येणार नाही, एवढ्या जागेत त्याला सुमारे एक आठवडा ठेवावे. खाली जुने तरट अंथरून त्यावर कोरड्या पेंढ्याचा जाड थर द्यावा. गुळगुळीत फरशी किंवा नुसते वर्तमानपत्र यांवर पाय घसरतात व इजा वाढते. ओला पेंढा रोज काढावा. त्यातून उठणारी उग्र वाफ डोळ्यांना व श्वासाला बाधते, आणि बुरशी लागलेला पेंढा फुप्फुसांचा रोग आणतो. जागा सावलीची व वारा खेळेल अशी असावी. पक्ष्यास घाम येत नाही. चोच उघडून तो धापा टाकू लागला म्हणजे त्याला उष्मा असह्य झाला असे समजावे.

फार वेळ बसून राहणाऱ्या बदकाच्या छातीच्या हाडावरील कातडी सोलवटते. म्हणून दररोज एकदा छाती पाहावी व अंथरूण बदलते ठेवावे.

जायबंदी बदकाला एकटे कोंडून ठेवणे मात्र योग्य नव्हे. बदके कळपाने राहणारी असतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, ओळीने झोपलेल्या मॅलार्ड बदकांपैकी कडेची बदके एक डोळा उघडा ठेवून, अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. मधली बदके मात्र निश्चिंत झोपतात. ज्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या, त्याला गाढ झोप कोठून मिळणार? म्हणून मध्ये जाळी ठेवून, सोबती दिसतील व त्यांचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी त्याला ठेवावे. सोबती टोचत नसतील तर एखादे शांत बदक जवळ सोडावे.

पाणी : केव्हा व किती

बदकाला पिण्याचे पाणी उथळ वाटीत देऊन भागत नाही. नाकपुड्या व डोळे धुता यावेत, एवढे खोल पाणी त्याला नेहमी लागते. लहानसे घमेले भरून ते बसल्या जागेहून चोच पोहोचेल असे ठेवावे व भोवतालची ओल वरचेवर पुसावी.

पोहण्याविषयी मात्र विवेक हवा. उघडी जखम, बांधलेली पट्टी किंवा मोडलेले हाड असताना पोहण्यास सोडू नये. तळ्याच्या पाण्यातील घाण जखमेत जाते. सूज ओसरू लागलेली मुरगळ असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मोठ्या टबात कोमट पाणी घेऊन, पाय तळाला न टेकता तरंगता येईल एवढी खोली ठेवून, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे त्याला पोहू द्यावे. पाणी अंगाचा भार उचलते आणि दुखऱ्या स्नायूंना भाराविना चलन मिळते. या वेळी मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे. कित्येक दिवस अंघोळ न घडलेल्या बदकाची पिसे पाणी झटकीनाशी होतात. दमलेले व भिजलेले बदक बुडू शकते. आईविना वाढलेली पिलेही लवकर भिजून गारठतात. पोहून झाल्यावर फडक्याने टिपून त्याला उबेत बसवावे.

आहार

आजारी बदकाला कोरडे पीठ देऊ नये. ते घशात चिकटते. कोंडा व कणी पाण्यात कालवून, सोबत चिरलेला कोवळा पाला, अझोला किंवा तळ्यातील स्वच्छ टिकली-शेवाळ द्यावे. पाव व शिळ्या पोळ्या यांनी पोट भरते, पण पोषण होत नाही. अंडी देणाऱ्या मादीसाठी शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा. पिलांचे पाय वाकू लागल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने खाद्यात यीस्ट किंवा नियासिन मिसळावे; लवकर लक्ष दिल्यास पुष्कळ पिले सुधारतात, मात्र हाडे वाकडी होऊन बसल्यावर हा उपाय थिटा पडतो.

बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका बदकाला कदापि देऊ नये. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिले अत्यंत लवकर बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी व त्यांबरोबर बदकाची पिलेही मेली, आणि त्या शोधातूनच या विषाची ओळख जगाला झाली.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपचार करीत बसू नये : हाड बाहेर आलेले किंवा पाय वेडावाकडा लोंबत असणे, पाच-दहा मिनिटांच्या दाबाने रक्त न थांबणे, बोटे गार वा काळी पडणे, तळव्यावर काळी खपली व सूज, एक दिवस अन्न न घेणे, दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने काहीच फरक न पडणे, मादीचे कुंथणे. नेताना हवेशीर खोक्यात पेंढा घालून त्यात बदक बसवावे, पाण्याचे भांडे आत ठेवू नये, व सकाळच्या गारव्यात निघावे. औषध चालू असता व त्यानंतर वैद्य सांगतील तितके दिवस त्या बदकाची अंडी खाऊ नयेत.

एकाहून अधिक पक्षी एकदम लंगडू, माना वाकवू किंवा मरू लागले, तर ती दुखापत नसून साथ असण्याचा संभव असतो. आपल्या देशातील पक्ष्यांमधील पहिली बर्ड फ्लूची साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उघडकीस आली, हे आपण विसरता कामा नये. काही बदके स्वतः आजारी न दिसता त्या रोगाचे विषाणू बाळगतात. अशा वेळी मुलांनी पक्ष्यांना हात लावू नये व पशुधन विकास अधिकाऱ्यांस त्वरित कळवावे. एरवीही बदक हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम कटाक्षाने पाळावा. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतूनही आतड्याच्या रोगाचे जंतू पसरू शकतात. जखमी रानबदक आढळल्यास ते घरी ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार त्याची सूचना वनखात्यास द्यावी.

शाळेत या विषयाचा उपयोग

ज्या मुलाच्या घरी असे बदक असेल, त्याला रोजनिशी ठेवण्यास सांगावे. तारीख, खाल्लेले अन्न, पाय टेकणे, सूज व विष्ठा असे पाच रकाने पुरेत. आठवड्यातून एकदा टोपलीसह वजन करून टोपलीचे वजन वजा करावे. यात गणिताचा पाठही होतो. कोंबडी, बदक व कावळा यांच्या पायांची चित्रे काढवून, कोणाचा पाय कोणत्या कामाचा, याची चर्चा वर्गात घडवावी. जखमी पक्षी स्वतः वर्गात आणू नये. गलबल्याने त्याचे दुखणे वाढते.

पाय गेला म्हणजे सारे संपले, असेही नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१२ च्या अखेरीस एका शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत जन्मलेल्या बदकाच्या पिलाचे एक पाऊल उलटे वळलेले होते. चालताना होणाऱ्या वेदनांमुळे पुढे ते पाऊल काढून टाकावे लागले. २०१३ मध्ये त्याच्या बहिणीच्या पायाची छायाचित्रे पाहून, त्रिमितीय मुद्रण यंत्राने साचा तयार करून सिलिकॉनचे लवचिक पाऊल बनविण्यात आले, आणि ते बदक चालू लागले. असे साधन आपल्या गावी मिळणार नाही. परंतु मऊ जमीन, जवळ ठेवलेले अन्नपाणी व रात्रीचे भक्कम खुराडे एवढे मिळाले, तर किंचित लंगडणारे बदकही पुष्कळ वर्षे जगते व अंडीही देते. घरच्या वडीलमाणसांस हे समजावून सांगण्याचे काम शिक्षकांच्या शब्दाने अधिक सोपे होते.

काही वेळा मात्र वेदना असह्य असतात आणि बरे होण्याची आशा नसते. अशा प्रसंगी वेदनारहित मरण देणे हेच दयेचे कृत्य होय, असा सल्ला पशुवैद्य देतात. तो सल्ला मुलापासून लपवून "उडून गेले" असे सांगू नये. ज्याने रोज पेंढा बदलला, पाणी भरले, रोजनिशी लिहिली, त्या मुलाला सत्य ऐकण्याचा अधिकार आहे आणि ते सोसण्याचे बळही त्या कामानेच त्याला दिलेले असते.

सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ पासून नमूद आहे. हे कर्तव्य फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करवून घेता येईल. परंतु ज्या मुलाने एक आठवडा सकाळ-संध्याकाळ बदकाचा तळवा तपासला, त्याला ते निराळे पाठ करावे लागणार नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गात अशी संधी आली असता ती वाया जाऊ देऊ नये, आणि आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ शाळेच्या सूचनाफलकावर आजच लिहून ठेवावी.